शहर हेच ज्यांचं इस्पितळ

१. मानाची खुर्ची की कामाची?

घरातलं एखादं मूल सार्वजनिक प्रशासनाची पदवी घ्यायला अमेरिकेला निघालं, की आईवडील विद्यापीठाचं माहितीपत्रक पुन्हा पुन्हा चाळतात. फी, वसतिगृह, पुढच्या नोकरीची शक्यता हे पाहून झालं की शेवटच्या पानांवर त्यांची नजर थबकते. तिथे वीस-पंचवीस नावं असतात. कुणी माजी महापौर, कुणी बँकेच्या अध्यक्ष, निवृत्त राजदूत, वृत्तपत्राचे संपादक, एखाद्या सेवाभावी संस्थेच्या प्रमुख, दोन-तीन उद्योजक. वर मथळा असतो : सल्लागार मंडळ. मग प्रश्न पडतो, आणि तो रास्त आहे. यातलं बहुतेक कुणी शिकवत नाही, परीक्षा घेत नाही. मग ही माणसं तिथे करतात काय? देणगी देऊन मानाची खुर्ची मिळवतात, की पडद्याआडून संस्था तेच चालवतात?

उत्तराकडे जाण्याआधी दोन शब्द उलगडून घेऊ. 'स्कूल' म्हटलं की आपल्याला दहावीपर्यंतची शाळा आठवते. अमेरिकी विद्यापीठात स्कूल म्हणजे एका विषयाचं, बऱ्यापैकी स्वतंत्र असं महाविद्यालय. कायद्याचं असतं, वैद्यकाचं असतं, तसंच 'पब्लिक अफेअर्स'चंही असतं. आणि पब्लिक अफेअर्स म्हणजे सार्वजनिक कारभार : नळाचं पाणी, शहराचा अर्थसंकल्प, दवाखाने, पोलिस, परराष्ट्र धोरण. जे एका घराचं नाही, सगळ्यांचं आहे, ते नीट कसं चालवावं याचं शिक्षण. या स्कूलच्या प्रमुखाला डीन म्हणतात, आपल्याकडे अधिष्ठाता.

२. रुग्णाशिवाय डॉक्टर होत नाही

वैद्यकीय महाविद्यालयाला इस्पितळ जोडलेलं असतं, हे आपण गृहीतच धरतो. केवळ पुस्तकातून ताप शिकलेल्या डॉक्टरकडे आपण जाणार नाही. विद्यार्थ्याने वॉर्डात उभं राहून रुग्णाची नाडी पाहिलेली असावी, त्याच्या नातेवाइकांच्या शंकांना उत्तरं दिलेली असावीत, एवढी आपली अपेक्षा असतेच.

सार्वजनिक कारभार शिकणाऱ्यांचं इस्पितळ म्हणजे शहर. अडचण एवढीच, की शहर केसपेपर काढून रांगेत उभं राहत नाही. पालिकेचे हिशोब कपाटात असतात. पाणीपुरवठ्याचा अभियंता कामात बुडालेला असतो आणि अनोळखी विद्यार्थ्याशी मोकळेपणी बोलायला कचरतो. वस्तीतल्या लोकांनाही 'आणखी एक पाहणीवाला आला' असंच वाटतं. ही दारं कुणीतरी आतून उघडावी लागतात. माजी महापौराने फोन केला तर कपाट उघडतं. वस्तीत वीस वर्षं काम केलेल्या बाई सोबत असल्या तर लोक ओट्यावर बसवून बोलतात.

सल्लागार मंडळाची पहिली गरज ही अशी, पैशाच्या कितीतरी आधीची आहे. इतिहास पाहिला तर अमेरिकेतलं हे शिक्षण सुरू झालं तेच मुळी शहरातल्या लोकांमुळे. विद्यापीठं नंतर आली.

३. न्यूयॉर्क : आधी शहर, मग शाळा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं न्यूयॉर्क श्रीमंत होतं आणि त्याचा कारभार अत्यंत ढिसाळ होता. १९०६ साली तिथल्या काही नागरिकांनी कारभाराचा अभ्यास करणारी एक छोटी संस्था उभी केली. पुढच्या वर्षी तिचं नाव झालं 'ब्यूरो ऑफ म्युनिसिपल रिसर्च'. विल्यम अ‍ॅलन, हेन्री ब्रुएर आणि फ्रेडरिक क्लीव्हलंड हे तिघे तिचे चालक. पाठीशी आर. फुल्टन कटिंग, अँड्र्यू कार्नेगी, जॉन डी. रॉकफेलर यांच्यासारखे धनिक.

त्यांनी भाषणं दिली नाहीत, हिशोब मोजले. मॅनहॅटन विभागाच्या रस्त्यांवर आणि इमारतींवर झालेला खर्च तपासून 'मॅनहॅटनचा कारभार कसा चालतो' अशा आशयाची पुस्तिका त्यांनी काढली. त्यातून अधिकृत चौकशी सुरू झाली, आणि १९०७ मध्ये राज्यपाल चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनी त्या विभागाचे निवडून आलेले अध्यक्ष जॉन अहर्न यांना पदावरून दूर केलं. एका खासगी अभ्यासगटाच्या हिशोबामुळे असं घडणं ही त्या काळी मोठीच गोष्ट होती.

दुसरं काम कमी नाट्यमय, पण मला अधिक मोलाचं वाटतं. तोवर शहराचा अर्थसंकल्प ढोबळ आकड्यांचा असे. घरात कुणी सांगावं की 'महिन्याला घरखर्च पंधरा हजार', तसा. त्यात तांदूळ किती, औषधं किती, पाहुणचार किती, काही कळत नाही. आणि जे कळत नाही ते तपासता येत नाही. ब्यूरोने आग्रह धरला की प्रत्येक कामाची रक्कम वेगळी मांडा. सुरुवात आरोग्य खात्यापासून झाली. १९०८ मध्ये तर अर्थसंकल्पाचं प्रदर्शनच भरवलं गेलं. शहर कशावर काय खर्च करतं, हे साध्या नागरिकाने उभं राहून पाहावं म्हणून.

पण हिशोब मोजायला मोजणारी माणसं लागतात, आणि तसं शिक्षण कुठेच मिळत नव्हतं. इथे मेरी हॅरिमन यांचा प्रवेश होतो. रेल्वेसम्राट ई. एच. हॅरिमन १९०९ मध्ये वारले, आणि त्यांच्या पत्नीकडे मदत मागणाऱ्या पत्रांचा ढीग लागला. यातली सुमारे ६,००० पत्रं अ‍ॅलन यांनी अभ्यासली आणि त्यावर १९१२ मध्ये पुस्तक लिहिलं. हॅरिमनबाईंच्या मनात मात्र सुटीसुटी मदत देण्यापेक्षा वेगळं काही होतं. सरकारी कामासाठी माणसं तयार करणारी शाळा काढावी, हा त्यांचा ध्यास. त्यांच्या पुढाकाराने आणि पैशाने १९११ मध्ये ब्यूरोतच 'ट्रेनिंग स्कूल फॉर पब्लिक सर्व्हिस' सुरू झालं. विद्यार्थी शहराच्या खात्यांत जाऊन प्रत्यक्ष काम करत आणि त्यातून शिकत. इस्पितळाला जोडलेलं महाविद्यालय म्हणतो, ते हेच.

याच ब्यूरोत तीन वर्षांनी जे घडलं तेही सांगायला हवं. १९१४ मध्ये अ‍ॅलन यांनी राजीनामा दिला. रॉकफेलर यांच्याकडून येणाऱ्या देणगीबरोबर अटी आल्या आहेत, शाळा आणि लोकांपर्यंत माहिती पोहोचवण्याचं काम यांना त्याची झळ बसते आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. सहकाऱ्यांना ते पटलं नाही. कोण बरोबर होतं याचा निवाडा आज इतक्या वर्षांनी करणं कठीण आहे. पण ज्या हाताने दार उघडलं तोच हात दार किती उघडायचं तेही ठरवू पाहतो, हा ताण या शिक्षणाच्या जन्मापासून आहे, हे मात्र इथे स्पष्ट दिसतं.

४. सिरॅक्यूजचे मॅक्सवेल

ब्यूरोतली ही शाळा विद्यापीठात पोहोचली ती १९२४ मध्ये. जॉर्ज होम्स मॅक्सवेल हे सिरॅक्यूज विद्यापीठाचे माजी विद्यार्थी, १८८८ च्या तुकडीचे. बॉस्टनमध्ये पेटंटचे वकील, शिवाय बूट बनवण्याच्या धंद्यातले आणि गुंतवणूकदार. त्यांनी पाच लाख डॉलर दिले. त्यांची इच्छा सोपी होती : तरुणांना चांगलं नागरिक व्हायला शिकवा. विद्यापीठाने त्या इच्छेला न्यूयॉर्कच्या अनुभवाची जोड दिली. ट्रेनिंग स्कूल सिरॅक्यूजला आलं, त्याबरोबर विल्यम मोशर आले आणि पहिले प्रमुख झाले. संस्थेच्या नावात आजही दोन्ही शब्द आहेत, नागरिकत्व आणि सार्वजनिक कारभार.

इथे सल्ला आणि आधार एकमेकांना पूरक ठरले याचं कारण, माझ्या मते, मॅक्सवेल यांच्या इच्छेच्या साधेपणात आहे. त्यांनी दिशा दाखवली, वळणं ठरवून दिली नाहीत. दात्याची इच्छा इतकी मोकळी नसेल तर काय होतं, ते पुढे पाहूच.

५. मंडळ बसतं तेव्हा

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. विद्यापीठाचं विश्वस्त मंडळ वेगळं आणि अशा स्कूलचं सल्लागार मंडळ वेगळं. गृहनिर्माण सोसायटीत व्यवस्थापक समिती असते. चेकवर सही तिची, जबाबदारी तिची. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त अभियंता राहत असतात. लिफ्ट बदलायची म्हटलं की समिती आधी त्यांच्याकडे जाते. ते समितीत नाहीत, त्यांना मत नाही. पण त्यांना न विचारता लिफ्ट घेतली तर सोसायटीच पस्तावते. सल्लागार मंडळ म्हणजे हे तिसऱ्या मजल्यावरचे काका.

बहुतेक ठिकाणी मंडळाची बैठक वर्षातून दोन-तीनदा होते. डीन आपल्या अडचणी मांडतात. सभासद विद्यार्थ्यांना आपल्या कार्यालयात उमेदवारीला घेतात, एखाद्या व्याख्यानाला येतात, शिष्यवृत्तीला पैसे देतात, दुसऱ्यांकडून मिळवून देतात. सर्वांत मोलाचं काम मात्र प्रश्न विचारण्याचं. ते कसं चालतं, हे एका काल्पनिक उदाहरणातून पाहू.

समजा एका शहरात १०,००० नळजोड आहेत आणि ३,००० जण पाणीपट्टी वेळेवर भरत नाहीत. विद्यार्थ्यांचा एक गट पालिकेसाठी याचा अभ्यास करतो. आकडेमोड चोख, तक्ते सुरेख. शिफारस : दंड दुप्पट करा. मंडळातल्या एक बाई पूर्वी पाणीपुरवठा खात्यात होत्या. त्या एवढंच विचारतात, "बिल घरी कोणत्या तारखेला पोहोचतं, आणि भरायची शेवटची तारीख कोणती?" मुलं पुन्हा कागद काढतात. बिल २५ तारखेला जातं, मुदत पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला संपते. या भागात पगार मात्र ७ ते १० तारखेच्या दरम्यान होतात. शेवटची तारीख १५ केली तर, समजा, ३,००० पैकी १,२०० जण आपोआप वेळेत भरतील. उरले १,८००. त्यातल्या खरोखर अडचणीत असलेल्यांना सवलत आणि ऐपत असून टाळणाऱ्यांना दंड, असे दोन वेगळे उपाय आता शोधता येतात.

बाईंनी उत्तर दिलं नाही. पुस्तकात नसलेला प्रश्न दिला. प्राध्यापकांकडे पद्धत असते, या मंडळींकडे पगाराची तारीख माहीत असते. दोन्ही लागतं.

उदाहरण एक पाऊल पुढे नेऊ. समजा त्याच मंडळात एक मोठे बांधकाम व्यावसायिक आहेत, आणि दुसरा गट नव्या वसाहतींना टँकरने पाणी देण्याच्या ठेक्यांचा अभ्यास करतो आहे. ते डीनना सुचवतात की हा विषय तूर्त बाजूला ठेवावा. इथे डीनने 'नाही' म्हणायला हवं, आणि ते म्हणण्याची ताकद त्यांच्याजवळ असायला हवी. प्राध्यापक कोण नेमायचा, गुण किती द्यायचे, संशोधनातून काय निघालं, या तीन गोष्टी मंडळाच्या कक्षेबाहेरच्या आहेत. ज्या मंडळात एकाच धंद्यातली माणसं भरलेली असतात तिथे डीनचा 'नाही' दुबळा पडतो. म्हणून माहितीपत्रकातली यादी पाहणाऱ्या पालकांना मी सांगेन : नावं किती मोठी आहेत ते सोडा, किती वेगवेगळ्या वाटांनी आलेली आहेत ते पाहा. कामगार संघटनेतलं कुणी आहे का? वस्तीत काम करणारं? लहान गावाचा कारभार पाहिलेलं?

६. साडेतीन कोटी डॉलर आणि दोन शब्द

आता पैशाकडे. आधी एक कल्पना समजून घेऊ. विद्यापीठं मोठी देणगी बहुधा खर्चून टाकत नाहीत. आंब्याचं झाड तोडून कुणी लाकूड विकत नाही, दरवर्षी फळ घेतात, तसं मुद्दल ठेवून त्याचं उत्पन्न वापरतात.

समजा कुणी १ कोटी रुपये दिले आणि अट घातली : 'शासकीय सेवेत जाणारी माणसं तयार करण्यासाठी'. दरवर्षी ४ टक्के वापरायचे ठरले तर ४ लाख मिळतात, म्हणजे दोघांना दोन-दोन लाखांची शिष्यवृत्ती. पहिला विद्यार्थी जिल्हा परिषदेत गेला. दुसरी पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थेत गेली. अट पाळली गेली का? पुढच्या वर्षी त्याच पैशातून या मुलांच्या वर्गाचं छप्पर दुरुस्त केलं. आता? विद्यापीठ म्हणेल, छप्पर नसेल तर शिकतील कुठे. दात्याचा मुलगा म्हणेल, माझ्या वडिलांनी कौलांसाठी पैसे दिले नव्हते. दोघंही खोटं बोलत नाहीत.

प्रिन्स्टन विद्यापीठात हेच घडलं, फक्त आकडे फार मोठे होते. तिथलं सार्वजनिक आणि आंतरराष्ट्रीय कारभाराचं स्कूल १९३० चं. १९६१ मध्ये चार्ल्स रॉबर्टसन आणि त्यांच्या पत्नी मेरी यांनी त्याला ३.५ कोटी डॉलर दिले. मेरी या 'ए अँड पी' या किराणा दुकानांच्या प्रचंड साखळीच्या वारसदार, चार्ल्स १९२६ च्या तुकडीचे विद्यार्थी. शीतयुद्धाचा काळ होता. आपल्या देशाच्या सरकारी सेवेत, विशेषतः परराष्ट्र कारभारात, उत्तम माणसं जावीत ही त्यांची तळमळ. नाव जाहीर करू नका, असं त्यांनी सांगितलं होतं. ते १९७३ पर्यंत गुप्त राहिलं. मिरवण्यासाठी दिलेले हे पैसे नव्हते, एवढं लक्षात ठेवायला हवं.

देणगी सांभाळण्यासाठी वेगळं प्रतिष्ठान झालं. त्याच्या मंडळावर चार जण विद्यापीठाचे, तीन कुटुंबाचे. म्हणजे कुटुंबाला बोलण्याचा कायदेशीर हक्क होता, पण मतदान झालं तर बहुमत विद्यापीठाचं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना समितीत घेतलं, आणि प्रत्येक ठरावात त्यांची हार होईल अशी रचना केली. रचनेतली ही गाठ चाळीस वर्षांनी आवळली गेली.

२००२ मध्ये रॉबर्टसन यांचे पुत्र विल्यम आणि इतर कुटुंबीयांनी न्यायालयात दावा लावला. पैसा दुसरीकडे वळवला जातो आणि सरकारी सेवेत जाणारे पदवीधर फार थोडे आहेत, हा आरोप. विद्यापीठाने तो नाकारला. सगळा वाद येऊन थांबत होता दोनच शब्दांवर, 'सरकारी सेवा'. सेवाभावी संस्थेतलं काम म्हणजे सरकारी सेवा का? संयुक्त राष्ट्रांतलं? प्राध्यापक होऊन पुढच्या अधिकाऱ्यांना शिकवणं? १९६१ मध्ये हे कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा सार्वजनिक काम बहुतांशी सरकारच करत होतं, आणि पुढे ते असं पसरेल हे कुणाला ठाऊक होतं!

दरम्यान मुद्दल वाढून २००८ च्या मध्याला सुमारे ९० कोटी डॉलर झालं होतं. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये, खटला उभा राहण्याआधीच, तडजोड झाली. प्रतिष्ठान विसर्जित झालं आणि त्याची मालमत्ता विद्यापीठाकडे गेली. कुटुंबाच्या कायदेशीर खर्चापोटी ४ कोटी डॉलर द्यायचे ठरले. सरकारी सेवेसाठी माणसं तयार करणारं नवं प्रतिष्ठान कुटुंबाने काढावं, त्याला आणखी ५ कोटी. कुटुंबाच्या वकिलांवरचा हा खर्चच मूळ देणगीच्या रकमेपेक्षा जास्त होता. हे वाचताना वाईट वाटतं. तेवढ्या पैशात किती मुलं शिकली असती!

दोन शब्दांचा अर्थ न्यायालयाने सांगितलाच नाही, कारण निकालापर्यंत प्रकरण गेलंच नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांत मात्र यानंतर दात्यांशी करार करताना भाषा फार जपून लिहिली जाऊ लागली. मला वाटतं, करारात आणखी एक ओळ असावी : दर दहा वर्षांनी दोन्ही बाजूंनी बसून उद्देशाचा अर्थ पुन्हा तपासायचा.

७. सिरॅक्यूजहून दिल्ली, आणि पुण्याहून लोणी

या कहाणीचा एक धागा आपल्याकडेही येतो. मॅक्सवेल स्कूलचे त्या वेळचे डीन पॉल अ‍ॅपलबी यांना भारत सरकारने इथलं प्रशासन पाहायला बोलावलं. हे गृहस्थ आधी वृत्तपत्रं चालवलेले, मग अमेरिकेच्या कृषी खात्यात काम केलेले. १९५३ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यांच्या शिफारशीतून १९५४ मध्ये दिल्लीला 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' उभी राहिली, आणि पंडित नेहरू तिचे पहिले अध्यक्ष झाले. पंतप्रधानच अध्यक्ष, सभासदांत अधिकाऱ्यांचा भरणा. न्यूयॉर्कच्या ब्यूरोत नागरिक बाहेरून सरकारकडे पाहत होते, इथे सरकारच आरसा हाती घेऊन स्वतःकडे पाहत होतं.

नागरिकांच्या बाजूने उभी राहिलेली संस्था आपल्याकडे त्याआधीच होती, पुण्यात. सातारचे वकील रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाने १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था काढली. संचालक धनंजयराव गाडगीळ. काळे यांच्या स्मरणार्थ दरवर्षी होणाऱ्या व्याख्यानाला सार्वजनिक जीवनातली माणसं येत. २९ जानेवारी १९३९ रोजी ते व्याख्यान डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलं. विषय होता १९३५ च्या भारत सरकार कायद्यातलं संघराज्य आणि स्वातंत्र्य, आणि त्या संघराज्यावर त्यांनी कठोर टीका केली. दात्याच्या नावाच्या व्यासपीठावरून वक्त्याने आपलं मत निर्भीडपणे सांगावं, यापेक्षा देणगीचा चांगला उपयोग मला सुचत नाही.

गाडगीळांच्या संस्थेने गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे शेतीत काय फरक पडला याची गावोगाव पाहणी केली. अहवाल १९४८ मध्ये छापला गेला. त्याच प्रवराकाठी, लोणीत, विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारायला धडपडत होते. त्यांनी गाडगीळांना कारखान्याच्या मंडळात बोलावलं, आणि ते नुसते सल्ला देऊन परतले नाहीत, कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. अमेरिकेत गावातली जाणती माणसं विद्यापीठाच्या बैठकीला जात होती. इथे विद्वानच गावाच्या बैठकीला बसला, शेअर्सचे पैसे गोळा करणाऱ्या शेतकऱ्यांच्या शेजारी. १९५० च्या अखेरीस कारखान्याचं पहिलं गाळप सुरू झालं.